काउंटरच्या अलीकडून

परदेशी शिकायला गेलेल्या मुलांची चर्चा आपल्याकडे दोनदाच होते. एकदा निघताना पेढे वाटतात तेव्हा, आणि एकदा नोकरी लागून पगाराचा आकडा कळतो तेव्हा. मधली दोन वर्षं कुणी विचारत नाही. ती आमच्या काउंटरवर येतात.

श्टुटगार्टमधल्या एका विद्यापीठाच्या आंतरराष्ट्रीय कार्यालयात मी काम करते. आधी विद्यार्थिनी असताना तासांच्या हिशेबानं करायचे, आता अर्धवेळ नोकरी आहे. मूळची कराडची. त्यामुळे मराठी आडनावाची फाइल आली की शेजारच्या टेबलावरच्या बाई ती न बोलता माझ्याकडे सरकवतात. अशा फायली वाढतच चालल्या आहेत. जर्मनीतल्या परदेशी विद्यार्थ्यांत आता सर्वाधिक भारतीय आहेत, २०२३-२४ च्या हिवाळी सत्रात ते ४९ हजारांच्या पुढे होते. त्यात श्टुटगार्ट हे मोटारींचं गाव. बॉश, मर्सिडीज, पोर्श यांचं घर. चाकणच्या रस्त्यावर यांतल्या काही पाट्या वाचत मोठी झालेली मुलं इथे येणारच. मुंबई आणि श्टुटगार्ट १९६८ पासून भगिनी शहरं आहेत, हे मात्र इथे येणाऱ्यांपैकी फार थोड्यांना माहीत असतं.

काउंटरच्या अलीकडे बसून एक गोष्ट पक्की कळली. इथलं विद्यापीठ पुष्कळ देतं, पण आणून हातात ठेवत नाही. जो वेळेत विचारतो त्याला मिळतं. हुशारीचा संबंध त्यानंतर येतो. पुढचे किस्से त्याचेच आहेत. माणसांची गावं मी बदलली आहेत.

‘बाप हाय मी त्याचा!’

फेब्रुवारी, म्हणजे ऐन परीक्षांचा महिना. सकाळी फोन वाजला. आमच्या प्रमुख बाईंनी तो थोडा वेळ ऐकला आणि माझ्या हातात दिला.

“मॅडम, कोल्हापूरहून बोलतोय. पोरगं तुमच्याकडं शिकायला हाय. पहिल्या सेमिस्टरचं काय झालं, तेवढं बघून सांगा.”

“काका, मला ते सांगता येत नाही हो.”

“का? बाप हाय मी त्याचा! पैसं मी भरल्यात!”

इथल्या कायद्यानं विद्यार्थी सज्ञान असतो आणि त्याची माहिती त्याचीच असते. गुण तर सोडाच, तो आमच्याकडे शिकतो की नाही, हेसुद्धा मी बापाला सांगू शकत नाही. हे काकांना मराठीत समजावताना मला घाम फुटला. शेवटी त्यांचा आवाज खाली आला. “निकाल ऱ्हाऊ दे. चार दिस झालं, फोन उचलंना. जिवंत हाय का नाय, तेवढं तरी सांगा.”

मी म्हटलं, तुमचा नंबर आणि त्याचं नाव द्या, पुढचं मी बघते. त्या नावाचा कुणी असलाच, तर त्याला ‘घरी फोन कर’ एवढा एका ओळीचा निरोप जाईल. निरोप गेला. संध्याकाळी एक मुलगा काउंटरवर आला. चेहरा उतरलेला. मोबाइलची काच फुटली होती आणि परीक्षेच्या धास्तीनं तो दिवसभर वाचनालयात बसत होता. बाकी काही नव्हतं.

या किश्श्यावर आमच्याकडे अजून हसतात. मला मात्र त्याची दुसरी बाजू दिसते. जी व्यवस्था बापाला काही सांगत नाही, ती मुलाच्याही मागे लागत नाही. बहुतेक तासांना हजेरी नाही, वर्गशिक्षक नाही, ‘पालकांना घेऊन ये’ नाही. कुणी तीन महिने वर्गात दिसला नाही, तर त्याची दखल घेणारं खातंच नाही. आयुष्यात पहिल्यांदा तो खरोखर स्वतःच्या भरवशावर असतो, आणि हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

फॉर्म कुणी भरायचा?

सांगलीचा एक मुलगा. सगळ्या व्याख्यानांना हजर, पहिल्या बाकावर, नोंदी इतक्या सुबक की वर्गातले जर्मन त्याच्याकडून मागून नेत. परीक्षेच्या दिवशी सभागृहात गेला तर यादीत नाव नाही. इथे विषयाला बसणं वेगळं आणि परीक्षेला बसणं वेगळं. परीक्षेसाठी ठरावीक आठवड्यांत संगणकावर स्वतंत्र नोंदणी करावी लागते. ती मुदत संपून महिना उलटला होता.

तो धावत परीक्षा विभागात गेला, तिथून आमच्याकडे. “ताई, तुम्ही एक शब्द टाका ना. आमच्या कॉलेजात फॉर्म ऑफिसवालेच भरून घ्यायचे.” खरं होतं त्याचं. आपल्याकडे शिपायापासून हेडक्लार्कपर्यंत सगळे आठवण करून देतात, आणि मुदत गेलीच तर दंड भरून फॉर्म घेतात. इथे दंडाची सोयच नाही. परीक्षा विभागातल्या बाईंना मी विचारलं, तर त्या शांतपणे म्हणाल्या, “याला परवानगी दिली तर ज्यांनी वेळेत नोंदणी केली त्यांच्यावर अन्याय होईल.” त्या वाक्यापुढे शब्द टाकायला जागा नव्हती.

बऱ्याच अभ्यासक्रमांत एका विषयाला मोजकेच प्रयत्न असतात. शेवटचाही हुकला की नाव कमी होतं, आणि तोच अभ्यासक्रम जर्मनीत दुसरीकडे करायचा मार्गही बहुतेक बंद होतो. म्हणून पहिल्याच आठवड्यात आपल्या अभ्यासक्रमाची परीक्षा-नियमावली वाचायची. ती कंटाळवाणी असते आणि बहुधा फक्त जर्मनमध्ये असते. तरीही वाचायची, नाही समजली तर घेऊन यायची. दोन वर्षांत फार थोड्यांनी ती माझ्यासमोर उघडून ‘हे कलम समजावून सांगा’ म्हटलं आहे.

याच विभागाचं एक दार मात्र उघडं असतं आणि तिकडे आपली मुलं फिरकत नाहीत. निकालानंतर एक दिवस ठरतो. त्या दिवशी आपली तपासलेली उत्तरपत्रिका समोर बसून बघता येते, शंका लेखी मांडता येते. नाशिकची एक मुलगी एका विषयात नापास झाली होती. मी जा म्हटलं, तर म्हणाली, “सरांना वाटेल, मी त्यांच्यावर संशय घेतेय.” जर्मन मुलं तर पास झाली तरी जातात, असं सांगून तिला जवळजवळ ढकललं. मागच्या बाजूला लिहिलेलं एक उत्तर तपासायचं राहून गेलं होतं. सहायकानं तिथेच तपासलं, सही केली, आणि बाई पास झाल्या. संशय वगैरे कुणाच्या मनातही आला नाही.

गुणांवरून आठवलं. इथे १.० म्हणजे सर्वोत्तम, ४.० म्हणजे काठावर पास, ५.० म्हणजे नापास. एका मुलानं हौसेनं घरी कळवलं, ‘मला १.३ मिळाले.’ पलीकडे बराच वेळ शांतता. मग आई म्हणाली, “असू दे बाळा, तब्येतीपेक्षा काही मोठं नाही. पुढच्या वेळी बघू.”

तासभर रिकामी खुर्ची

इथल्या प्राध्यापकांची आठवड्यातली एखादी वेळ विद्यार्थ्यांसाठी राखून ठेवलेली असते. त्यांच्या दारावर ती लिहिलेली असते. त्या वेळात समोरची खुर्ची रिकामी असते. फक्त परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात बाहेर रांग लागते आणि सगळ्यांचा प्रश्न एकच असतो, काय येणार?

जळगावची एक मुलगी नोव्हेंबरातच गेली. व्याख्यानात एका शोधनिबंधाचा उल्लेख झाला होता. तो तिनं वाचला होता आणि त्यातली एक आकृती तिला समजली नव्हती. एवढंच विचारायला गेली. प्राध्यापकांनी आकृती समजावली, मग तिची आधीची नोकरी विचारली. पुण्यात तिनं दोन वर्षं टेस्टिंगमध्ये काढली होती. जानेवारीत त्यांच्याच प्रयोगशाळेत ती हिवी म्हणून लागली. हिवी म्हणजे विद्यार्थी-सहायक. विद्यापीठातलंच काम, विषयाशी जोडलेलं, वेळापत्रक सांभाळून घेणारं. परदेशी विद्यार्थ्यांना मार्च २०२४ पासून वर्षाला १४० पूर्ण किंवा २८० अर्धे दिवस काम करता येतं. बरेच जण ते दिवस गोदामात खोकी उचलून घालवतात. त्यात कमीपणा काही नाही, भाडं त्यातूनच निघतं. पण विद्यापीठातलीच नोकरी विचारून बघायची असते, हे अनेकांना शेवटच्या सत्रात कळतं.

तिच्या उलट एक किस्सा. एकाला मोठ्या कंपनीत प्रबंध करायची संधी मिळाली. त्यानं करार केला, कामाला लागला, स्टेटसवर फोटो लावले. तीन महिन्यांनी आमच्याकडे येऊन विचारलं, “विद्यापीठाचा परीक्षक कसा मिळवायचा?” प्रबंध कंपनीत केला तरी तो तपासणारा प्राध्यापक विद्यापीठाचाच लागतो, आणि विषय त्याला आधी पटावा लागतो. याला तर एकही प्राध्यापक नावानं ओळखत नव्हता. कुणाच्याही दारात तो कधी गेला नव्हता. शेवटी एकांनी घेतला, पण विषय बदलायला लावून. एक अख्खं सत्र त्यात गेलं.

आतली एक गोष्ट सांगते. प्राध्यापकांना पाठवायच्या मेलमध्ये विद्यार्थी-क्रमांक, विषय आणि एक नेमका प्रश्न एवढंच हवं. आपली मुलं दहावीपासूनची सगळी प्रमाणपत्रं जोडतात, पानभर स्तुती करतात आणि प्रश्न लिहायचा विसरतात. असे मेल प्राध्यापकांच्या सचिव बाई माझ्याकडे पाठवतात आणि खाली लिहितात, ‘याला काय हवंय?’

दारावर टांगलेली पाटी

पुण्याकडची तीन मुलं एका जुन्या इमारतीत भाड्यानं राहायला गेली. एका सोमवारी दाराच्या मुठीला लाकडी पाटी टांगलेली. वर लिहिलेलं, केअरवोखे. कुणीतरी चुकून लावली असेल म्हणून त्यांनी ती शेजारच्या दाराला अडकवली. दुसऱ्या दिवशी पाटी परत. मुलांनी पुन्हा शेजारी. आठवडाभर हा खेळ चालला. मग घरमालकाचं पत्र आलं आणि ते घेऊन तिघं माझ्यासमोर.

श्वाबेन प्रांताची ही जुनी रीत आहे. ज्याच्या दारावर पाटी, त्या आठवड्यात जिना आणि समोरचा रस्ता झाडायची पाळी त्याची. कायद्यापेक्षा तिचा धाक मोठा. मी म्हटलं, पत्राला उत्तर लिहीत बसू नका. शेजारच्या आजींकडे जा आणि विचारा, कसं करतात ते दाखवाल का?

तिघांपैकी एक गेला. आजींनी बादली कुठे, फडकं कुठलं, कोपरे कसे पुसायचे, सगळं दाखवलं. त्याला जर्मन जेमतेम येत होतं, आजींना इंग्रजी अजिबात नाही. पुढे दर शनिवारी जिन्यात त्यांचा तास भरू लागला. त्या त्याची वाक्यं दुरुस्त करत आणि तो त्यांच्या पाण्याच्या बाटल्यांच्या जड पेट्या वर चढवून देई. अभ्यासक्रम इंग्रजीत असल्यामुळे ‘जर्मन नंतर बघू’ म्हणणारे शेकड्यानं भेटतात. नोकरीच्या जाहिराती वाचायला लागले की त्यांचा चेहरा पडतो, कारण बहुतेक ठिकाणी कामापुरतं तरी जर्मन मागतात. पदवीनंतर नोकरी शोधायला १८ महिन्यांचा परवाना मिळतो. ते महिने भाषेचा क्लास लावण्यात गेले, तर अर्ज करायचे कधी? हा मुलगा मुलाखतीत अस्सल श्वाबी थाटात बोलला तेव्हा समोरचे तिघंही हसले म्हणे.

उरलेले दोघं मराठी मुलांच्या वसतिगृहात राहायला गेले. तिथे फोडणीनं एकदा धुराचा भोंगा वाजला आणि अग्निशमन दल आलं, ती वेगळी गोष्ट. आपल्या माणसांत राहण्यात वाईट काहीच नाही. पहिल्या महिन्यात तोच आधार असतो. पण दोन वर्षांनी एकही जर्मन मित्र न करता परतणारे बघितले, की त्यांचे खर्च झालेले लाखो रुपये मीच मनात मोजते.

खजिनदार

पैशांचं बोलायलाच हवं. व्हिसासाठी खात्यात वर्षाचे ११,९०४ युरो अडकवून ठेवावे लागतात. महिन्याला त्यातून ९९२ युरो सुटतात. ‘जर्मनीत शिक्षण फुकट’ हे अर्धंच खरं आहे. आमच्या बाडेन-व्युर्टेमबेर्ग राज्यात युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांना २०१७ पासून सत्राला १,५०० युरो शुल्क आहे. मग मुलं शिष्यवृत्ती विचारायला येतात, आणि बहुतेकदा एक वर्ष उशिरा.

डॉइचलांडश्टिपेंडियुम नावाची एक शिष्यवृत्ती २०११ पासून दिली जाते. महिन्याला ३०० युरो, निम्मे केंद्र सरकारचे, निम्मे कंपन्यांचे किंवा देणगीदारांचे. देशाची अट नाही, बापाचं उत्पन्न विचारत नाहीत. गुण बघतात, पण त्याबरोबर सामाजिक काम आणि अडचणींतून काढलेली वाटही बघतात. साताऱ्याच्या एका मुलानं अर्ज आणून दाखवला. मेहनती आहे, प्रामाणिक आहे, संघभावना आहे. असे शंभर अर्ज येतात.

“गावाकडे काय करायचास?”

“काही नाही, ताई. गणपती मंडळात होतो.”

“मंडळात काय?”

“खजिनदार.”

चार वर्षं. पावतीपुस्तकं, दारोदार वर्गणी, मांडववाल्याशी घासाघीस, शेवटी हिशेबाचा फलक चौकात. २०१९ च्या पुरात मिरवणुकीचा खर्च कापून धान्य वाटायचं ठरलं, तेव्हा निम्मं मंडळ विरोधात होतं. त्यांना यानं बैठक घेऊन वळवलं होतं. आणि हे सगळं त्याच्या लेखी ‘काही नाही’ होतं. मी त्याला खाली बसवून तेच लिहायला लावलं, आकड्यांसकट. शिष्यवृत्ती मिळाली. निवड समितीतल्या एका प्राध्यापिकेनं मला जिन्यात गाठलं. मुलाबद्दल काही विचारायचं असेल असं वाटलं, तर त्यांचा प्रश्न होता, “एवढे पैसे जमवून आणलेला देव दहा दिवसांनी पाण्यात का सोडता?”

दुसरा किस्सा हसण्याचा नाही. लातूरकडची एक मुलगी डिसेंबरात नाव काढून टाकायचा फॉर्म मागायला आली. इथे डिसेंबरात साडेचारलाच अंधार पडतो आणि सूर्य आठवडा आठवडा दिसत नाही. माझ्या सहकारी बाईंनी फॉर्म काढला, पण स्वतःच्याच हातात ठेवला आणि विचारलं, का? घरचं दुकान बंद पडलं होतं, ती रात्रपाळी करत होती आणि प्रबंध अर्ध्यावर अडकला होता. रात्री झोप नाही, दिवसा रडू. तिला दोन गोष्टी माहीत नव्हत्या. शेवटच्या टप्प्यात अडकलेल्या परदेशी विद्यार्थ्यांसाठी जर्मन परराष्ट्र खात्याच्या निधीतून डाड ही संस्था विद्यापीठांमार्फत मदत देते, आणि विद्यार्थी-कल्याण संस्थेकडे मानसोपचार-समुपदेशक असतात. तिला दोन्हीकडे पाठवलं. प्रबंध पूर्ण झाला. तो फॉर्म बाईंनी तिच्यादेखत फाडला.

‘अजून काय आहे?’

बीडचा एक मुलगा आमच्या कार्यालयात प्रसिद्ध होता. गुण मध्यम. पण दर पंधरवड्याला हजर, आणि प्रश्न एकच, “अजून काय आहे?” सुरुवातीला आम्ही वैतागलो. मग सवय झाली. विद्यापीठाच्या क्रीडा विभागात नाममात्र शुल्कात गिर्यारोहण शिकता येतं, हे त्यानं शोधलं. विभागाच्या अभ्याससहलीत दोन जागा उरल्या होत्या, त्यातली एक त्याची. जर्मन विद्यापीठात नाव असलेल्या भारतीयालाही इरास्मस या युरोपीय देवाणघेवाण योजनेतून युरोपातल्या दुसऱ्या विद्यापीठात एक सत्र जाता येतं, तेही शिष्यवृत्तीसह. आपल्याकडच्या बहुतेकांना वाटतं, ते फक्त युरोपियनांसाठी असतं. हा स्पेनला जाऊन आला. तिथे त्याला पुढच्या नोकरीतला साहेब भेटला.

त्याच्यापेक्षा हुशार मुलं त्याच वर्गात होती. पदवी त्यांनाही मिळाली. त्यांनी मला एकदाच भेट दिली होती, प्रमाणपत्रावर शिक्का मारून घ्यायला.

मला याचं नवल वाटतं. मंडईत भाजी घेतल्यावर चार मिरच्या आणि कढीपत्ता मागून घेणारी माणसं आपण, आणि सत्राला दीड हजार युरो मोजल्यावर त्यात काय काय येतं, हे विचारायला लाजतो. ‘साहेबांना त्रास कशाला’ असं घरून शिकवून पाठवलेलं असतं. इथल्या साहेबांना त्या कामाचाच पगार मिळतो. तुमचा मुलगा किंवा मुलगी ऑक्टोबरात निघत असेल, तर चकली-चिवड्याच्या पिशवीबरोबर एवढं सांगून पाठवा. पहिल्या पंधरवड्यात परीक्षा-नियमावली वाचायची, एका प्राध्यापकाच्या दारात जायचं, भाषेच्या वर्गात नाव घालायचं आणि आंतरराष्ट्रीय कार्यालयात जाऊन शिष्यवृत्त्यांच्या तारखा लिहून घ्यायच्या. आम्ही वैतागलो, तरी परत यायचं.